अकरा मीटरची पेठ

रविवारी सकाळी साडेदहा वाजता कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमध्ये चौघांनी मिळून विमानाचा पंख मोजला, आणि विमान पेठेत मावत नाही असं निघालं. साल दोन हजार चार, महिना ऑगस्ट.

विमान कागदावरचं होतं. पेठही कागदावरचीच. युद्ध तर कुठल्या नकाशात शोधून सापडलं नसतं. तरी आदितीचा चेहरा असा उतरला, की सुष्मितानं हातातला चहा खाली ठेवला. सुष्मिता चहा सहसा कुणासाठी खाली ठेवत नाही.

प्रकार असा होता. हे चौघं गेली चार वर्षं रविवारी जमून एक खेळ खेळत. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि कोण जिंकलं हेही शेवटी सांगता येत नाही. एकानं जग सांगायचं: गाव कसलं, वेस कुठं, शत्रू किती. बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. अवघड काही करायचं असलं की फासे टाकायचे. श्रीशैलनं हा खेळ बेळगावच्या हॉस्टेलातून आणला होता, नियमांच्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्ससकट. त्यातल्या तक्त्यांचा शेवटचा रकाना मशीनच्या काठाला कापला गेला होता. तो श्रीशैलनं अंदाजानं पेननं भरला होता, आणि वाद झाला की तो नेमका त्याच रकान्यावर बोट ठेवायचा.

जग सांगणारा तोच. निपाणीकडचा, कापड दुकानात वाढलेला, मापाला पक्का. महांतेश कबनूरचा, घरचे यंत्रमाग. स्वतः कसाबसा पन्नास किलोचा, म्हणून खेळात एकशे दहा किलोचा पैलवान. सुष्मिता औषधाच्या दुकानात आठवडाभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वैतागलेली, म्हणून खेळात डॉक्टरीण. अक्षर मात्र तिनं तिथंही सुवाच्य ठेवलं होतं. आणि आदिती विमान बांधणारी.

गेलं वर्षभर या तिघांची माणसं दुपाणी नावाच्या गावात अडकली होती. दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूनं शत्रूच्या तोफा. श्रीशैलनं ते सरळ नृसिंहवाडीवरून उचललं होतं, हे पेढ्यांच्या दुकानांची रांग आल्याबरोबर सगळ्यांनी ओळखलं. पूल पडलेला. नावा बुडालेल्या. वाट एकच, वरून. पण धावपट्टी कुठली? तर पेठ. सरळ, फरसबंद, दोन्हीकडे दुकानं, मधे मोकळी रुंदी अकरा मीटर. श्रीशैलनं हा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो नंतर एका बोटानं हलला नव्हता.

आदितीचं यात काय अडलं होतं, ते सांगायला हवं. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागात होती. पुण्याहून ड्रॉइंग यायची, ती त्यात सांगितलेले बदल करायची आणि पुढं पाठवायची. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात, ‘ड्रॉन बाय’ आणि ‘डिझाइन्ड बाय’. पहिल्यात तिचं नाव असे. दुसऱ्यात कधीच नाही. विमानाच्या कागदावर तिनं दोन्ही चौकोनांत आपलं नाव लिहिलं, आणि दुसऱ्या चौकोनात लिहिताना पेन्सिलीला पुन्हा टोक केलं. तिच्या आयुष्यात आजवर फक्त तिचं असं यंत्र हे एकच होतं. आणि ते उडायचं तर आजच उडायला हवं होतं, कारण श्रीशैलला बेंगळुरूला नोकरी लागली होती. बॅग दाराशी होती. गाडी दुपारची.

विमान मुळात दोघांचं होतं. हलकं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, निरोप पोचवणारं. नऊ मीटरचा पंख, छोटं इंजिन, पुढं एक, मागं एक. आदितीनं जूनमध्ये पहिलं रेखाटन दाखवलं तेव्हा महांतेशनं कागद उलटसुलट करून बघितला होता.

“दोनच शिटा?”

“हलकं विमान आहे, म्हांत्या. दोनच असतात.”

“आमच्या वडापाला डायवरच्या मांडीवर बी एक बसतोय की. आनि तू एवढं विमान करालीस आनि दोन शिटा?”

“वडाप रस्त्यावरनं जातं.”

“म्हंजे? वर काय ट्रॅफिक पोलीस हाय?”

कोल्हापूरच्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. वडापाच्या जीपमध्ये चौदा जण बसवून पंधराव्याला ‘या की पावणं, सरकून बसा’ म्हणणाऱ्या मुलखात दोन शिटांचं विमान हा उर्मटपणाच. पैलवान मागं राहायला तयार नव्हता. डॉक्टरीण तिच्या जखमी सैनिकाला सोडणार नव्हती, आणि औषधांची पेटी सोडणं तर सुष्मिताच्या व्यवसायातच बसत नव्हतं. आदिती चिडली, हसली, आणि शेवटी पंख वाढवत गेली. तक्त्याप्रमाणे जेवढा पंख लांब तेवढं वजन उचलणार. जखमीसाठी अर्धा मीटर. पेटीसाठी थोडा. पैलवानासाठी सगळ्यात जास्त.

“खुराक कमी कर त्याचा,” सुष्मिता म्हणाली.

“वेढा पडलाय गावाला. आधीच अर्ध्या दुधावर हाय तो.”

असं करत पंख दहा मीटर पंच्याण्णव सेंटिमीटरवर आला. पेठ अकरा मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा. त्याच्यापुढं जायची सोय नव्हती आणि मागं यायला कुणी उतरायला तयार नव्हतं. आदितीनं सगळं पुन्हा नव्यानं मोठ्या कागदावर काढलं, वीसास एक या प्रमाणात. महांतेशनं पंखावर ताणायच्या कापडाचा खरा नमुना मागावरून कापून आणला, तो कोपऱ्यात टाचला. मग तीन रविवार फासे टाकून, दोनदा आग लागता लागता, पेठेच्या टोकाच्या गोदामात विमान बांधून झालं.

आज पहाटे, म्हणजे खेळातल्या पहाटे, हल्ला होणार होता. विमान गोदामाबाहेर ओढलं. इंजिन सुरू झालं, तेही पहिल्या फाशात; महांतेशनं शिट्टी मारली. आदितीनं हात चोळले आणि म्हणाली, “घेते पेठेत.”

“थांब,” श्रीशैल म्हणाला. “पंख किती?”

“दहा पंच्याण्णव. लिहिलंय की.”

“लिहिलेलं नको. मोजू.”

त्यानं बॅगेतून पट्टी काढली. स्टेशनरीच्या दुकानातली साधी, तीस सेंटिमीटरची, दोनदा लावावी लागणारी. पेठ अकरा मीटर म्हणजे कागदावर पंचावन्न सेंटिमीटर. पंख भरला पंचावन्न आणि वर तीन रेघा, म्हणजे तीन मिलिमीटर. त्यानं पुन्हा मोजला. सुष्मितानं मोजला. महांतेशनं मोजला आणि त्याचा अठ्ठावन्न आला, म्हणून तो धरला नाही.

“तीन रेघा म्हणजे खरे सहा सेंटिमीटर जास्त,” श्रीशैल हळूच म्हणाला. “अडकतंय, आदिती.”

“कसं अडकेल? मी मोजून काढलंय!”

आणि वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिला कळलं. तिनं समोरच्या बाकावर नजर टाकली. तिथं अप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, लांब पोलादी पट्टी पडलेली होती.

नेमगोंडा अप्पा या शॉपात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करायचे. पॅटर्न म्हणजे जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून नमुनाच तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब कोण करणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते: दिसायला नेहमीसारखी, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित लांब. घरात तीच एक पट्टी. आदितीनं शाळेत समास तिनंच आखले होते, भूमितीतले त्रिकोण तिनंच काढले होते. तिचे त्रिकोण बाईंच्या उत्तरापेक्षा जरा मोठे का निघतात, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ऑफिसात कॉम्प्युटर होता, तिथं पट्टीच लागत नव्हती. आणि विमान तिनं इथं, या बाकावर, हाताला येईल त्या पट्टीनं काढलं होतं.

तिनं हे सगळं सांगितलं. मग महांतेश बाकावर आडवा होऊन हसायला लागला.

“मग लोखंडाचं ओता की विमान! थंड झालं की बसतंय बघ पेठेत!”

“म्हांत्या, गप.”

“न्हाय, खरंच. आदू, तुझी काय चूक न्हाय. तू साचा काढलायस. विमान अजून ओतायचं हाय.”

आदितीनं मोठा श्वास घेतला आणि ऑफिसातला आवाज लावला. “हे बघ, श्रीशैल. प्रत्येक ड्रॉइंगवर छापलेलं असतं, कागदावरून मोजू नये, लिहिलेलं माप धरावं. सगळं जग असंच चालतं. लिहिलंय दहा पंच्याण्णव. म्हणजे दहा पंच्याण्णव.”

“जग चालत असेल,” श्रीशैल म्हणाला. “आपल्यात काढलेलं धरतात, लिहिलेलं नाही. हा नियम कुणी आणला?”

आदितीनं कागदाची एक सुरकुती बोटानं सारखी केली.

“कुणी आणला, सुष्मे?”

“हिनंच,” सुष्मिता म्हणाली. “म्हांत्यानं वीतभर दोरी काढून खाली ‘शंभर फूट’ लिहिलेलं तेव्हा. दोन तास भांडली होती.”

“मी पडलतो त्या वक्ताला,” महांतेश म्हणाला. “विहिरीत. ह्या नेमापायी. पाय मोडलता माझा.”

“पैलवानाचा.”

“पैलवानाचा काय, माझा काय. दुखलं की मला.”

आता यातून वाट काढायची होती. सुष्मिता म्हणाली, दारातून कपाट नेताना तिरकं करतो तसं विमान तिरकं घ्यावं. आदिती म्हणाली, कपाटाला उडायचं नसतं. मग श्रीशैल म्हणाला, दोन्ही टोकं तीन-तीन सेंटिमीटर करवतीनं उडवा, फासा टाका, विषय संपवा. आदितीच्या मनात आलं, एवढं तर खरंच सोपं आहे. आठवडाभर ती हेच करत असे: दुसऱ्याच्या कागदावर बदल, तारीख, कोपऱ्यात आवृत्तीचं पुढचं अक्षर, झालं. पण हात पेन्सिलीकडे जाईना.

तिला सोडवलं ते महांतेशनं, आणि कधी नव्हे ते गंभीर होऊन. त्यानं कोपऱ्यातला आपला कापडाचा नमुना बोटांत धरला.

“काठ कापला की संपलं. कापड ताणून टोकाच्या लाकडाला बांधलंय हिनं. ते लाकूडच उडवलंस तर वाऱ्यानं धागा उसवत जाईल. वर पोचूस्तवर पंखाची बनियन हुतीया.”

“नव्यानं बांधायला किती वेळ?” श्रीशैलनं विचारलं.

“दोन दिवस,” आदिती म्हणाली.

“हल्ला पहाटे आहे.”

“मग दुकानांच्या फळ्या काढा,” सुष्मिता म्हणाली. “सहा सेंटिमीटरच हवेत ना? पेढ्यांच्या दुकानांपुढं त्या पुढं आलेल्या फळ्या आहेत. एका बाजूच्या काढल्या की झालं.”

ही कल्पना चांगली होती. आदितीला तर ती इतकी चांगली वाटली, की तिनं सुष्मिताचा चहा उचलून तिच्या हातात दिला. पण दुपाणीत माणसं राहत होती, आणि ती सगळी श्रीशैलच्या आवाजात बोलत. त्यानं डोक्यावरून रुमाल घेतला. तो रुमाल घेतला की अंबूबाई येत असे. पेढ्यांच्या पहिल्या दुकानाची मालकीण, तिन्ही माणसांना वर्षभर उधारीवर पेढे घातलेली.

“कोन हाय रं? फळीला हात कुनी लावला?”

“अंबूबाई, मी पैलवान,” महांतेश म्हणाला. “तुमची फळी जराशी काढू का? गाव वाचवायचं हाय.”

“गाव वाचवायलास का पळून चाललायस?”

महांतेशनं आदितीकडे बघितलं. आदितीनं श्रीशैलकडे. श्रीशैल रुमालाखाली होता.

“बाहेरनं मदत आणायला चाललोय,” आदिती म्हणाली.

“आनि मी? मला कुठं बसवतीस?”

“जागा नाही हो, अंबूबाई.”

“सोळा मानसं वडापात बसत्यात आनि मला जागा न्हाय? माझ्या सासऱ्यानं बसवलेली फळी हाय ही. मी हितं हाय तोवर हालायची न्हाय.”

“फासा टाकतो,” महांतेश घाईनं म्हणाला. “समजूत घालायचा फासा.” टाकला. एक आला. अंबूबाईनं त्याला दुकानाबाहेर काढलं, आणि मागच्या पेढ्यांची आठवणही करून दिली.

“तुला आत्ताच ही बया आठवली?” सुष्मिता श्रीशैलवर ओरडली. “गाडीची वेळ होत आली!”

“ती वर्षभर तिथंच आहे,” श्रीशैल रुमाल काढत म्हणाला. “तुम्हीच कधी विचारलं नाही तिला.”

तेवढ्यात नेमगोंडा अप्पा आतून आले, हातात मिसळीचं पातेलं घेऊन. चातुर्मास असल्यानं मिसळीत कांदा नव्हता, बटाटा नव्हता; महांतेश दर वर्षी या मिसळीला ‘पूरग्रस्त’ म्हणे आणि दोनदा वाढून घेई. अप्पांनी पातेलं ठेवलं आणि कागदावर वाकून बघितलं.

“अजून चाललंय होय? गिऱ्हाईक कोण म्हणायचं याचं?”

“गिऱ्हाईक नाही, अप्पा.”

“मग एवढी तोंडं का पाडलायसा?”

आदितीनं पट्टीचं सांगितलं. अप्पांनी पट्टी उचलली, शर्टाला पुसली, प्रकाशात धरली.

“माझी पट्टी काय चुकीची नाही बघा,” ते म्हणाले. “गावच तुमचं लहान.” आणि पट्टी आपल्या खिळ्याला अडकवून ते आत गेले.

श्रीशैलनं घड्याळ बघितलं. खरं तर तो एका शब्दात सोडवू शकला असता: पेठ अकरा नाही, सव्वाअकरा. आदितीनं त्याच्याकडे बघितलं आणि तो तेच म्हणणार आहे हे तिच्या लक्षात आलं. तोंड उघडलंच होतं त्यानं.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, जाताना निदान...”

“पेठ अकराच. तू पेठ वाढवलीस तर उडेल, पण मग ते तू उडवलेलं. माझं नाही.”

“मग राहू दे असंच?”

“राहू दे. इंजिन तेवढं बंद करू दे, इंधन जळतंय.”

यावर मात्र श्रीशैलनं फासा मागितला नाही. इंजिन बंद झालं. खेळातली पहाट तिथंच थांबवली. मिसळ खाल्ली. निघताना श्रीशैलनं विचारलं, कागद मी नेऊ का. जग माझ्याकडे असतं, मग विमानही असावं. आदितीनं कागदाची गुंडाळी करून त्याच्या बॅगेला बांधून दिली, वर प्लास्टिक घातलं. स्टेशनवर महांतेश त्याला म्हणाला, जपून ने, आत मी हाय. आणि गाडी गेली.

पहिली मेल नोव्हेंबरात आली. आदितीनं ती कागलच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत वाचली. श्रीशैलनं लिहिलं होतं की खोलीतल्या भिंतीला कागद लावलाय, आणि सहज म्हणून, त्याच पट्टीनं, पंख पुन्हा मोजला. पंचावन्नच्या वर दोन रेघा. त्याला वाटलं आपलीच चूक. दोनदा मोजला. दोनच रेघा.

आदितीनं ती मेल दोनदा वाचली आणि मग तिला हसू आलं, एवढं की शेजारच्या टेबलावरच्यानं मान वर केली. कागद तिनं जुलै-ऑगस्टात काढला होता, कोल्हापूरच्या भर पावसात, ओलाव्यानं फुगलेला. बेंगळुरूच्या कोरड्या हवेत तो सुकत होता. सुकताना आकसत होता. आणि आपल्यात काढलेलं धरतात, लिहिलेलं नाही.

तिनं उत्तर लिहिलं: “नियमात कुठं बसत नसेल तर सांग.”

श्रीशैलनं कळवलं, की पुस्तक पूर्ण वाचलं, कागद आकसू नये असं कुठंही नाही. शेवटचा रकानाही बघितला.

महांतेशला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “मी काय म्हनालतो? थंड झालं की बसतंय! त्याला म्हनावं इस्त्री फिरव.” आदितीनं बजावलं, इस्त्री नाही, हीटर नाही, ऊनही मुद्दाम नाही. खिडकीतून येईल तेवढी हवा. श्रीशैलनं ते मान्य केलं, आणि आपण खोलीत कपडे वाळत घालायचं बंद केल्याचंही कळवलं.

सुष्मितानं औषधांच्या बाटल्यांत असतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांचं पाकीट त्याला पाठवायचं ठरवलं होतं. आदितीनं तेही नियमात बसू दिलं नाही.

फेब्रुवारीत दीड रेघ. तेव्हा आदितीनं ऑफिसात पहिल्यांदाच एक ब्रॅकेट स्वतःच्या डोक्यातून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं, बघतो म्हणाले. दुसऱ्या चौकोनाचं अजून काही ठरलेलं नाही.

शेवटची मेल मार्चमधली. पंचावन्नच्या वर एक रेघ, तीही पट्टी डोळ्याला लावल्यावर दिसणारी. उन्हाळा अजून लागायचा होता. बेंगळुरूत एप्रिलमध्ये वळीव पडतो, कागद पुन्हा फुगेल, असं सुष्मितानं कुणालाही न विचारता कळवून टाकलं होतं.

आदितीनं त्या मेलला एकच प्रश्न लिहून पाठवला. बरोबर पंचावन्न भरलं, ना रेघ वर ना रेघ खाली, तर विमान पेठेतून जाईल की अडकेल?

श्रीशैलचं उत्तर त्याच दिवशी आलं. अंबूबाईला विचारून सांगतो, असं त्यात आहे.